मदत हवी आहे: टेकऑफनंतर लगेच कोसळलेलं हलकं विमान – कारणं कोणत्या क्रमाने तपासावीत?

तिरका वारा:
उड्डाणसुरक्षेच्या गटचर्चेसाठी एक काल्पनिक प्रसंग तयार केला आहे. त्यातलं एखादं कारण नजरेतून सुटू नये म्हणून जाणकारांची मदत हवी आहे.

हाय-विंग, चार आसनी, एका इंजिनाचं विमान. कार्ब्युरेटर, १८० अश्वशक्ती, फिक्स्ड-पिच दोन पात्यांचा प्रोपेलर. रिकामं वजन ७८० किलो, कमाल टेकऑफ वजन ११५७ किलो. चार माणसं (सरासरी ८० किलो), मागे ३० किलो सामान, २०० लिटर इंधन. धावपट्टी ९०० मीटर, कोरड्या गवताची, समुद्रसपाटीपासून २००० फुटांवर. तापमान ३६ अंश, वारा शून्य. माहितीपुस्तिकेप्रमाणे समुद्रसपाटीला १५ अंश तापमानात, कमाल वजनाला ५० फूट उंची गाठायला ५०० मीटर लागतात.

विमान उशिरा उचललं गेलं, साठेक फुटांवर नाक खूप वर गेलं, डावा पंख खाली पडला आणि विमान धावपट्टीच्या डावीकडे आदळलं. इंजिनाचा आवाज शेवटपर्यंत येत होता. मग इंजिन बाद धरायचं का?

वातकुक्कुट:
इंजिनाकडे जाण्याआधी बेरीज करा. विमानाचं पेट्रोल लिटरला साधारण ०.७२ किलो, म्हणजे २०० लिटरचे १४४ किलो. ७८० + १४४ + ३२० + ३० = १२७४ किलो. कमाल मर्यादेपेक्षा ११७ किलो, म्हणजे १० टक्के जास्त.

आता हवा. २००० फुटांवर प्रमाण तापमान ११ अंश असतं, इथे ३६ आहे. वरच्या प्रत्येक अंशाला सुमारे १२० फूट धरले तर २५ अंशांचे ३००० फूट. डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे विरळपणाच्या हिशेबाने हवेची उंची, झाली ५००० फूट. टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना ३ टक्क्यांच्या आसपास घटते, म्हणजे इथे १५ टक्के गेलीच. प्रोपेलर आणि पंखांनाही तीच विरळ हवा मिळते, हे बरेचजण विसरतात.

अंतराचे ठोकताळे असे: वजन १० टक्के जास्त तर अंतर २० टक्के जास्त, दर १००० फूट उंचीला १० टक्के, प्रमाण तापमानाच्या वरच्या दर १० अंशांना १० टक्के, कोरड्या गवताला २० टक्के. हे टक्के एकमेकांत मिळवायचे नसतात, गुणायचे असतात. ५०० × १.२ × १.२१ × १.२५ × १.२ = सुमारे १०९० मीटर. त्यावर १.३३ चा सुरक्षा गुणक लावला की १४५० मीटर. धावपट्टी आहे ९०० मीटर. मग हे विमान उचललं कसं गेलं? जमिनीपासून पंखांच्या लांबीइतक्या उंचीच्या आत ग्राउंड इफेक्टमुळे ड्रॅग (हवेचा रोध) कमी असतो, म्हणून ते कमी वेगातही हवेत राहतं. त्याच्या बाहेर आलं की चढण्याइतकी ताकद उरत नाही. समोर झाडं दिसली की हात आपोआप योक (नाक वर-खाली करणारा दांडा) ओढतो, आणि १० टक्के जादा वजनाने स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमान उचलून धरू शकत नाहीत) आधीच सुमारे ५ टक्के वाढलेला असतो.

स्पॅनर:
गणित पटलं, पण नाक इतकं वर का गेलं त्याची इतरही कारणं तपासा.

पहिलं, गुरुत्वमध्य. मागच्या सीटवर दोघं आणि वर सामान म्हणजे तो मागच्या मर्यादेपलीकडे गेलेला असू शकतो. तेव्हा योक हलका लागतो आणि नाक स्वतःहून वर येतं. दुसरं, ट्रिम (योकवरचा जोर कमी करणारी जुळणी) आधीच्या लँडिंगच्या नोज-अप जागीच राहिलेला असणं. ही दोन एकत्र आली तर दोन्ही हातांनी योक पुढे ढकलावा लागतो.

तिसरं म्हणजे आसन. आसनाची खीळ रेल्सच्या भोकात नीट बसली नसेल तर नाक उचलताच आसन मागे सरकतं, आणि पायलट आधारासाठी जे धरतो ते योकच असतं. याच धोक्यासाठी एफएएने (अमेरिकेची विमानवाहतूक नियामक संस्था) १९८७ साली सेस्नाच्या आसन-रेल्सच्या तपासणीचा आदेश काढला, क्रमांक ८७-२०-०३. आसन लावल्यावर अंगाचा जोर देऊन पुढेमागे हलवून पाहायचं. भोकं लांबट झाली असतील तर रेल बदलायची.

कंट्रोल लॉक (उभ्या विमानाचा योक जखडणारी खुंटी) काढायचा राहणं इथे कमी शक्य वाटतं, पण यादीत ठेवा. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या झडपा) पूर्ण खाली असते तर विमान लवकर उचललं जाऊन मग चढलं नसतं.

डावा पंख का? पूर्ण थ्रॉटल आणि नाक वर असताना विमान डावीकडे वळू पाहतं. उजवा रडर (शेपटीचं सुकाणू) कमी पडला की स्टॉल होताना बहुधा डावा पंख आधी पडतो.

तिरका वारा:
धन्यवाद, आसनाचा मुद्दा माझ्याकडून पूर्णपणे राहून गेला होता. मग आवाज होता म्हणून इंजिन निर्दोष म्हणता येईल का?

स्पॅनर:
अजिबात नाही. आवाज म्हणजे इंजिन फिरत होतं, पूर्ण ताकद देत होतं असं नव्हे. ५००० फुटांच्या डेन्सिटी अल्टिट्यूडला मिक्श्चर (इंधन-हवेचं मिश्रण) पूर्ण रिच, म्हणजे इंधन जास्त, ठेवलं तर ताकद आणखी घटते. पूर्ण थ्रॉटलला उभं राहून, जास्तीत जास्त आरपीएम (मिनिटाला फेरे) मिळेपर्यंत ते लीन, म्हणजे इंधन कमी, करायचं असतं. कार्ब्युरेटर हीट (बर्फ टाळायला दिलेली गरम हवा) चालू राहणं, टॅक्सी करताना कार्ब्युरेटरमध्ये साचलेला बर्फ (दमट हवेत वीस अंशांनाही धरतो), तुंबलेला एअर फिल्टर, मफलरमधला तुटून आडवा आलेला पत्रा, अडकलेला व्हॉल्व्ह या सगळ्यांत इंजिन बंद न पडता मलूल होतं. इंधनात पाणी असेल तर बहुधा झटके ऐकू येतात.

व्हिडिओ असेल तर आवाजाची वारंवारता मोजा. दोन पाती २४०० आरपीएमला सेकंदाला ८० वेळा हवा कापतात. चार सिलिंडरच्या इंजिनाचे स्फोटही तेवढेच, त्यामुळे ८० हर्ट्झ दिसायला हवेत. विमान जवळ येतंय की लांब जातंय त्याची दुरुस्ती मात्र करा. अवशेषांत पात्यांच्या रुंदीला समांतर ओरखडे आणि पीळ असेल तर ताकद चालू होती. पातं नुसतं मागे वाकलं असेल तर शंका घ्या. फ्लॅप आणि ट्रिमच्या जॅकस्क्रूची (त्यांना हलवणाऱ्या आट्यांच्या दांड्याची) लांबी मोजली की त्यांची जागा कळते.

वातकुक्कुट:
चर्चेत एक प्रश्न जरूर विचारा: काय केलं असतं तर जमलं असतं? अर्ध्या धावपट्टीपर्यंत उचलण्याच्या वेगाच्या ७० टक्के वेग आला नाही तर थ्रॉटल बंद करायचा. उचलण्याचा वेग ५५ नॉट असेल तर ४५० मीटरच्या खुणेला ३९ नॉट. ही खूण इंजिनाचा मलूलपणा पकडते, चढण्याची हमी मात्र देत नाही.

आणि फक्त वजन मर्यादेत आणून भागत नाही. सामान उतरवून इंधन ७० लिटरवर आणलं तर ११५० किलो होतात, तरी ५०० × १.२१ × १.२५ × १.२ = ९०७ मीटर. सकाळी २२ अंशांना ८०६, आणि १.३३ ने गुणल्यावर १०७२. म्हणजे चौघांना घेऊन या धावपट्टीवरून त्या दिवशी कधीच निघायचं नव्हतं. माणसं कमी केल्यावरचा आकडा टक्क्यांच्या अंदाजाने काढू नका, पुस्तिकेतल्या कमी वजनाच्या तक्त्यातून वाचा आणि मग त्याला गवताचा आणि १.३३ चा गुणक लावा.