मदत हवी आहे: डीएनएवरून प्रोटीनचा क्रम काढायचा प्रश्न, आन्सर की चुकली आहे का? (तातडीचं)

शाहूपुरी_ड्रॉपर
नीटची तयारी करतोय, कोल्हापुरातच क्लास आहे. परवाच्या टेस्टमध्ये हा डीएनए दिला होता:

टी टी ए सी ए जी टी सी सी ए ए ए सी ए टी

यापासून कोणती अमिनो ॲसिड्स बनतील? मी जोड्या लावून (ए समोर यू, टी समोर ए, जी समोर सी, सी समोर जी) एमआरएनए, म्हणजे डीएनएवरून बनणारी नक्कल काढली, त्यात प्रोटीन जिथून सुरू होतं तो एयूजी शोधला आणि तिथून तीन-तीन अक्षरं घेतली. माझं उत्तर मेथिओनिन–सेरीन–ग्लायसीन–ल्युसीन. आन्सर की मध्ये मेथिओनिन–फेनिलॲलानिन–ग्लायसीन–ल्युसीन दिलंय. चारातली तीन जुळतात म्हणजे पद्धत बरोबरच आहे. मग सेरीनच्या जागी फेनिलॲलानिन आलं कुठून? यूसीए म्हणजे सेरीनच, चार्ट समोर ठेवून बसलोय. सरांना विचारलं तर "की बरोबर आहे, घरी नीट बघ" एवढंच म्हणाले. चार मार्क गेले, वर एक वजा. आज रात्रीपर्यंत हरकत नोंदवता येते. की चुकली आहे ना? लवकर सांगा.

दसराचौक_९८
सोपं आहे. दिलेल्या क्रमात टी काढून यू घालायचा, बाकी काही करायचं नाही. यूयूए सीएजी यूसीसी एएए सीएयू. म्हणजे ल्युसीन–ग्लुटामिन–सेरीन–लायसीन–हिस्टिडिन. यात एयूजी कुठेच नाही, त्यामुळे प्रोटीन सुरूच होणार नाही. तुझं उत्तरही नाही आणि कीही नाही. प्रश्नच रद्द व्हायला पाहिजे, बिनधास्त हरकत घे.

बायो_मॅडम
थांबा जरा. दिलेला धागा टेम्प्लेट आहे (ज्याला जोड्या लावून एमआरएनए बनतो तो) की कोडिंग (त्याच्या समोरचा)? आणि ५' कुठलं टोक, ३' कुठलं? या दोन गोष्टी नसतील तर या अक्षरांचा काहीही अर्थ लावता येतो. प्रश्नाचं वाक्य जसंच्या तसं टाक.

तालीमवाला
भावा, प्रोटीनसाठी एवढा जीव का काढतोस? अमिनो ॲसिडच्या गोळ्या तर अजिबात घेऊ नकोस. आमच्या तालमीत पोरं दूध, अंडी, भिजवलेले हरभरे आणि बदाम घालून घोटलेली थंडाई यावरच अंग कमावतात. अभ्यासाची पोरं जेवणाकडं बघतच नाहीत, त्यानं डोकं चालंना होतंय. सकाळी दोन अंडी खा, दूध घे, मग बस अभ्यासाला.

शाहूपुरी_ड्रॉपर
दादा, खायचं विचारत नाहीये, पेशीत प्रोटीन कसं बनतं त्याचा प्रश्न आहे.
मॅडम, टेम्प्लेट स्ट्रँड असं लिहिलंय प्रश्नात. जोड्या लावल्या म्हटल्यावर ते कळतंच की.

बायो_मॅडम
आणि टोकं?

शाहूपुरी_ड्रॉपर
डावीकडे ५', उजवीकडे ३'. नेहमी तसंच असतं ना? त्यानं काय फरक पडतो?

बायो_मॅडम
सगळा फरक त्यानंच पडतो. की बरोबर आहे.

डीएनएचे दोन धागे एकमेकांना उलटे असतात. एकाचं ५' टोक जिथे, तिथे दुसऱ्याचं ३'. एमआरएनएही टेम्प्लेटला असाच उलटा जुळतो. तू जोड्या बरोबर लावल्यास, पण टेम्प्लेटच्या ५' खाली तयार होणारं टोक एमआरएनएचं ३' आहे. तू लिहिलंस ते असं:

ए ए यू जी यू सी ए जी जी यू यू यू जी यू ए

हा एमआरएनए ३' कडून ५' कडे लिहिलेला आहे आणि तू तो त्याच दिशेनं वाचलास. रायबोसोम, म्हणजे पेशीतलं प्रोटीन बनवणारं यंत्र, एमआरएनए ५' कडून ३' कडेच वाचतो. तोच क्रम उजवीकडून वाच:

एयूजी यूयूयू जीजीए सीयूजी यूएए

मेथिओनिन, फेनिलॲलानिन, ग्लायसीन, ल्युसीन, आणि यूएए म्हणजे थांबा. पंधरा अक्षरं, पाच कोडॉन (तीन-तीन अक्षरांचे गट), एकही अक्षर शिल्लक नाही. तुझ्या वाचनात पहिलं ए सोडावं लागलं, शेवटी यूए ही दोन अक्षरं लोंबकळत राहिली आणि स्टॉप कोडॉन आलाच नाही. तिथेच शंका यायला हवी होती.

शाहूपुरी_ड्रॉपर
पण मग माझी तीन कशी जुळली? दिशाच उलटी असेल तर सगळंच वेगळं यायला पाहिजे.

सागरमाळ_क्लासेस
पंधरा वर्षं शिकवतोय, एकच युक्ती सांगतो. टेम्प्लेट ५' पासून दिला असेल तर आधी तो अख्खा उलटा लिहून काढ, मग जोड्या लाव. ३' पासून दिला असेल तर सरळ जोड्या. कोडिंग असेल तर टी चं यू. तीन ओळी पाठ कर, परीक्षेत विचार करत बसू नकोस. एका प्रश्नाला मिनिटभर मिळतं.

मायक्रो_एमएस्सी
सर, युक्तीनं या वर्षीचा प्रश्न सुटेल, पण पेपरात शब्द थोडे फिरवले की मुलं गडबडतात. कारण एकच आहे आणि ते लक्षात ठेवणं जास्त सोपं आहे: आरएनए पॉलिमरेज (आरएनए बनवणारं एन्झाइम) नवीन अक्षर फक्त वाढणाऱ्या साखळीच्या ३' टोकालाच जोडू शकतं. तिथला मोकळा हायड्रॉक्सिल गट नव्या न्यूक्लिओटाइडच्या (म्हणजे नव्या अक्षराच्या) फॉस्फेटशी जोडला जातो आणि त्या न्यूक्लिओटाइडनं आणलेल्या तीनपैकी दोन फॉस्फेट सुटतात, त्यातून जोडणीला ऊर्जा मिळते. ५' टोकाला असं जोडायची सोयच नाही. म्हणून एमआरएनए नेहमी ५' कडून ३' कडे वाढतो आणि टेम्प्लेट ३' कडून ५' कडे वाचला जातो. महाद्वार रोडला एकेरी वाहतूक असली की गाडी कुठून घालायची ते ठरलेलंच असतं, तसं.

सागरमाळ_क्लासेस
हायड्रॉक्सिल गट लक्षात ठेवून परीक्षेत मार्क मिळत नाहीत. माझी मुलं युक्तीनंच सोडवतात आणि बरोबर सोडवतात.

मायक्रो_एमएस्सी
याच मुलानं जोड्या बरोबर लावल्या, कोडॉन बरोबर वाचले, एयूजीही शोधला. राहिलं काय तर टोक. प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना ५' आणि ३' लिहायची सवय लागली की युक्तीची गरजच नाही.

आणि तीन का जुळली ते सांगतो, कारण हा प्रश्न खरंच चांगला आहे. तुझं ग्लायसीन आलं जीजीयू वरून, की मधलं आलं जीजीए वरून. जीजी पुढे कुठलंही अक्षर आलं तरी ग्लायसीनच. तुझं ल्युसीन यूयूजी, की मधलं सीयूजी. ल्युसीनला सहा कोडॉन आहेत, अमिनो ॲसिड्सच्या एकूण ६१ कोडॉनपैकी सहा. म्हणजे ज्यांना जास्त कोडॉन आहेत अशीच दोन नेमकी तुला भेटली. मेथिओनिन आलं कारण तू एयूजी शोधूनच सुरुवात केलीस, तिथे दुसरं काही येणारच नव्हतं. नाव जुळलं तरी अक्षरं जुळलेली नाहीत.

शाहूपुरी_ड्रॉपर
हां. जीजीयू आणि जीजीए. हे बघितलंच नव्हतं, नुसती नावं जुळवत होतो. मस्त.

वाचनवेडा_गंगावेश
मुळापासून सांगतो म्हणजे पक्कं होईल. आपल्या पेशीत डीएनए केंद्रकात असतो आणि प्रोटीन केंद्रकाबाहेर बनतं. जनुकाची आधी आरएनएमध्ये नक्कल होते. या पहिल्या नकलेत मध्येमध्ये इंट्रॉन, म्हणजे प्रोटीनसाठी न लागणारे तुकडे असतात, ते कापून टाकतात आणि उरलेले एक्झॉन जोडतात. जनुकं अशी तुकड्यातुकड्यांत असतात हे १९७७ मध्ये कळलं, त्यासाठी शार्प आणि रॉबर्ट्स यांना १९९३ चं नोबेल मिळालं. मग पुढच्या टोकाला टोपी आणि मागे ए-ए-ए ची शेपटी लागून एमआरएनए बाहेर येतो. रायबोसोम त्यावर बसतो. टीआरएनए एका बाजूला अँटीकोडॉन (कोडॉनशी जुळणारी तीन अक्षरं) आणि दुसऱ्या बाजूला अमिनो ॲसिड घेऊन येतो. रायबोसोममध्ये अमिनो ॲसिडं एकमेकांना जोडण्याचं मुख्य काम प्रोटीन नव्हे तर रायबोसोमचा आरएनएच करतो, हे मला फार विलक्षण वाटतं.

आणि की मधल्या उत्तरातला यूयूयू हा सगळ्यात आधी उलगडलेला कोडॉन. १९६१ मध्ये निरेनबर्ग आणि मथाई यांनी नुसत्या यू चा आरएनए जिवाणूंच्या पेशींच्या अर्कात घातला आणि नुसत्या फेनिलॲलानिनची साखळी मिळाली. पुढे हरगोविंद खोराना यांनी यू-सी-यू-सी असा आरएनए बनवला, त्यातून सेरीन आणि ल्युसीन आलटून पालटून आले. कोडॉन दोन अक्षरांचा असता तर एकच अमिनो ॲसिड पुन्हा पुन्हा आलं असतं. केवढ्या साध्या मांडणीतून केवढं मोठं उत्तर! १९६८ चं नोबेल निरेनबर्ग, खोराना आणि होली या तिघांना.

दसराचौक_९८
यातलं त्यानं काहीच विचारलेलं नाही. पंधरा अक्षरांत इंट्रॉन कुठून येणार? आणि माझं म्हणणं अजून तेच आहे, टेम्प्लेट हा शब्द पहिल्याच पोस्टमध्ये लिहिला असता तर मी वेगळं उत्तर दिलं असतं.

ताराबाई_पार्कवाली
मध्येच विचारते, रागावू नका. आमच्या आईंना इन्सुलिन सुरू आहे. मेडिकलवाले म्हणाले, हे माणसाचंच इन्सुलिन आहे पण जिवाणूंकडून बनवून घेतात. जिवाणूला माणसाचं जनुक वाचता कसं येतं?

मायक्रो_एमएस्सी
ताई, कोडॉनचा चार्ट जवळजवळ सगळ्या सजीवांत एकच आहे, म्हणून येतं. जीजीए म्हणजे तुमच्याकडेही ग्लायसीन आणि ई. कोलाय या जिवाणूकडेही ग्लायसीन. अपवाद आहेत, उदाहरणार्थ आपल्याच पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात यूजीए म्हणजे थांबा नसून ट्रिप्टोफॅन. अडचण दुसरीच असते. वर इंट्रॉनचं लिहिलंय ना, ते कापायची यंत्रणा ई. कोलायकडे नाही, म्हणून त्याला इंट्रॉन नसलेलं जनुक द्यावं लागतं. इन्सुलिन तसं लहान प्रोटीन आहे, ५१ अमिनो ॲसिड्स, २१ ची एक साखळी आणि ३० ची दुसरी. जिवाणूंकडून ते १९७८ मध्ये बनवून घेतलं आणि १९८२ पासून औषध म्हणून मिळू लागलं. आता यीस्टमधूनही बनवतात. डोस वगैरे मात्र डॉक्टरांनाच विचारा.

ताराबाई_पार्कवाली
धन्यवाद. आईंना वाचून दाखवलं, त्यांना बरं वाटलं.

तालीमवाला
मला पण एक सांगा मग. डीएनएच सगळं ठरवत असंल तर आमी खाल्लेलं प्रोटीन जातंय कुठं? अंडी खाऊन काय उपयोगच नाही का?

बायो_मॅडम
उपयोग आहेच. अंड्यातलं प्रोटीन पोटात आणि आतड्यात तुटून त्याची अमिनो ॲसिड्स होतात. ती रक्तातून पेशींत जातात आणि टीआरएनए त्यातलीच उचलून रायबोसोमकडे नेतो. कुठलं कुठल्या क्रमानं जोडायचं हे तुमचं जनुक ठरवतं, पण माल जेवणातूनच यावा लागतो. नऊ अमिनो ॲसिड्स माणसाच्या शरीराला स्वतः बनवता येत नाहीत. याच प्रश्नातली मेथिओनिन, फेनिलॲलानिन आणि ल्युसीन ही तिन्ही त्या नऊपैकी आहेत. ग्लायसीन शरीर स्वतः बनवतं. तेव्हा तुमच्या तालमीचा खुराक योग्यच आहे.

तालीमवाला
लै भारी. हे वस्तादांना सांगतो.

सागरमाळ_क्लासेस
ड्रॉपर, नीट परीक्षेत जमलं नाही तरी खचून जाऊ नकोस. शिवाजी विद्यापीठात बायोटेक्नॉलॉजी आहे, मायक्रोबायोलॉजी आहे. असे प्रश्न पडणाऱ्या मुलांनी तो रस्ताही बघावा.

शाहूपुरी_ड्रॉपर
सर, आधी या टेस्टचं बघू द्या. हरकत नोंदवत नाही आता. मॅडम, सरावाला एखादा द्या ना, टोकं लिहून.

बायो_मॅडम
घे. हा कोडिंग धागा आहे, खऱ्या जनुकाची सुरुवात, हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीची.

५' एटीजी जीटीजी सीएटी सीटीजी एसीटी सीसीटी जीएजी ३'

शाहूपुरी_ड्रॉपर
कोडिंग म्हणजे फक्त टी चं यू, दिशा तीच.
५' एयूजी जीयूजी सीएयू सीयूजी एसीयू सीसीयू जीएजी ३'
मेथिओनिन–व्हॅलिन–हिस्टिडिन–ल्युसीन–थ्रिओनिन–प्रोलिन–ग्लुटामिक ॲसिड.
पण सिकल सेल या रक्ताच्या आजारात ६व्या जागी ग्लुटामिक ॲसिडचं व्हॅलिन होतं असं पुस्तकात आहे. इथे तर ते ७वं येतंय. पुस्तकात चूक आहे का?

बायो_मॅडम
उत्तर बरोबर. पुस्तकही बरोबर. सुरुवातीचं मेथिओनिन साखळी बनत असतानाच कापलं जातं. जनुकात स्टॉप सोडून १४७ कोडॉन आहेत आणि तयार साखळीत १४६ अमिनो ॲसिड्स. पुस्तकातली मोजणी व्हॅलिनपासून सुरू होते, म्हणून ६वं. जनुकात तो ७वा कोडॉन.

शाहूपुरी_ड्रॉपर
म्हणजे कोडिंगवर जीएजी चं जीटीजी. आणि टेम्प्लेटवर सीटीसी चं सीएसी?

बायो_मॅडम
हो. पण हे दोन्ही कोडॉन डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखेच आहेत. टोक चुकलं तरी उत्तर बरोबर येतं, त्यामुळे तुला काहीच कळणार नाही. त्याऐवजी वरच्या सीएटी चा टेम्प्लेट काढ आणि दोन्ही टोकं लिहून इथे टाक.

शाहूपुरी_ड्रॉपर
३' जीटीए ५'. ५' पासून लिहिला तर एटीजी.

बायो_मॅडम
बरोबर. आणि हा एटीजी दिसला म्हणून तिथून प्रोटीन सुरू करायला जाऊ नकोस, तो टेम्प्लेटवर आहे.