आणीबाणीत तुमच्या घरी काय होतं? (अनुभव)

काल माळा आवरताना नानांचं इनलँड सापडलं. ऑगस्ट १९७५. तुरुंगाचा जांभळा शिक्का, आणि मधल्या चार ओळींवर काळी शाई फासलेली. वर 'प्रकृती उत्तम', खाली 'बेबीचा दात पडला का?' मधलं गेलं ते गेलंच. आई ते पत्र खिडकीशी उजेडात धरून उलटसुलट करायची. बेबी म्हणजे मी, आठ वर्षांची.

नानांना पहाटे नेलं. कारण विचारलं तर कुणी बोलेना. मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवायच्या कायद्याखाली, कारण सांगायचं बंधनच काढून टाकलं होतं. कुठे ठेवलंय हे कळायला सतरा दिवस गेले. शेजारपाजारचे यायचे बंद झाले. आता राग नाही.

तुमच्याकडचं लिहा. ऐकीवही चालेल.

—

पत्राला लॅमिनेशन अजिबात करू नका हो ताई! आमच्या आजीच्या पत्राची वाट लागली तशी.

—

बाबा प्राथमिक शिक्षक. 'नसबंदीच्या दोन केसेस आणा, मग पगार.' बाबा सायकलवरून वाड्यावस्त्या पालथ्या घालायचे. ज्यांच्या पोरांना बाराखडी शिकवली तीच माणसं त्यांना बघून उसात शिरायची. घरी येऊन न जेवता झोपायचे. १९७६ मध्ये तर आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. दूध ठेवलंय गॅसवर, उरलेलं रात्री लिहिते.

—

रात्री लिहाच. वाचतेय.

—

आमचे आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे, गाड्या वेळेवर यायच्या, साहेब दहाला खुर्चीत असायचे.

—

दादा, आजोबांबद्दल आदर ठेवून विचारतो. गाडी उशिरा आली हे छापायची सोय होती का? २५ जूनच्या रात्रीच दिल्लीत छापखान्यांची वीज तोडली होती. कुणाला काय झालं हे पेपरात नाही, रेडिओवर नाही. मग अमक्याला उचललं, तमका गेला, सगळं कुजबुजीत. खरं किती, खोटं किती, आजही माहीत नाही. मला तर त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

—

रेडिओवरून आठवलं, विविधभारतीवर किशोरकुमार लागेनासा झाला होता! आत्या रोज वाट बघायची. सरकारच्या कार्यक्रमात गायला नकार दिला म्हणून बंदी, हे तिला फार नंतर कळलं.

—

आमच्याकडे मर्फी होता, लाकडी. काका गोधडीत घेऊन बीबीसी लावायचे. रायबरेलीत इंदिराबाई हरल्या, तो १९७७चा निकाल तिथेच ऐकला. तुमचा कुठला होता?

—

फिलिप्स. अजून चालतो :)

—

मी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात मांडवात होतो, डिसेंबर १९७५. संमेलनाध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी आणीबाणीला विरोध करणाऱ्या जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितली. केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण तिथेच हजर. मी उठलो तेव्हा पाय लटपटत होते, नोकरी नवी होती. शेजारच्या अनोळखी माणसाने माझा दंड घट्ट धरला. नाव विचारायचं राहून गेलं.

—

काका 🙏 अंगावर काटा आला.

—

सगळ्यांचं वाचलं. आईला पत्र दाखवलं आज. चौऱ्याऐंशीची आहे, दिसतं कमी. काही न बोलता उठली आणि पत्र घेऊन खिडकीकडे गेली.