निवेदनात ‘निधी वाढवा’ यापलीकडे काय लिहायचं? (चाकण, पुणे-नाशिक रस्ता)

पत्र्याचा माणूस

मंडळी, एक काम गळ्यात पडलंय. आम्ही चाकणच्या आसपासचे साठ-सत्तर छोटे वर्कशॉपवाले. परवाच्या बैठकीत ठरलं की सरकारने महामार्गांवर आणखी पैसा घालावा म्हणून निवेदन द्यायचं. मंत्री, खासदार, जिल्हाधिकारी, सगळ्यांना एकेक प्रत. आणि ‘तुमचं मराठी बरं आहे’ म्हणत कागद माझ्यापुढे सरकवला. माझं मराठी बरं म्हणजे बाकीचे ईमेलवर भांडतात आणि मी अजून फोनवर भांडतो, एवढाच फरक.

माझं म्हाळुंग्यात प्रेसशॉप आहे. चार पॉवर प्रेस, अकरा माणसं. ब्रॅकेट, क्लॅम्प, असलाच माल. मोठं गिऱ्हाईक रांजणगावला. ते साठा ठेवत नाहीत, सकाळी साडेआठची खेप उतरली की माल थेट जुळणीच्या लाइनवर चढतो. म्हणजे त्यांचं गोडाऊन माझ्या टेम्पोत, आणि माझा टेम्पो चाकणच्या तळेगाव चौकात.

मागच्या महिन्यातला एक मंगळवार सांगतो. आमचा ड्रायव्हर दत्ता सहा दहाला गेटबाहेर पडला. सात वाजता फोन, ‘शेठ, खराबवाडीलाच आहे.’ मला वाटलं टायर बसला. त्याने फोटो धाडला: पुढे कंटेनरचं बंद दार, डावीकडे मातीच्या कडेवरून एकामागे एक निघालेल्या मोटारसायकली, मध्ये अडकलेली शाळेची व्हॅन, आणि या सगळ्यातून कागदात भजी घेऊन ड्रायव्हरच्या खिडक्यांशी फिरणारा एक पोऱ्या. तळेगाव चौक ओलांडायला पावणेनऊ झाले. पुढे शेलपिंपळगावपर्यंत पुन्हा रांग. रांजणगावला पोचला दहा दहाला.

लाइन पस्तीस मिनिटं बंद राहिली. डेबिट नोट, म्हणजे माझ्या बिलातून नुकसान कापल्याचा कागद, आली बावीस हजारांची. आता हिशोब बघा. टेम्पोत ब्रॅकेट होते २,४००, नगामागे मला सुटतात चाळीस पैसे. म्हणजे त्या खेपेत कमावायचे होते ९६० रुपये. ते बावीस हजार भरून काढायला तसल्या तेवीस खेपा फुकट माराव्या लागतात.

तेव्हापासून रांजणगावजवळ एक खोली भाड्याने घेतलीय, दोन दिवसांचा माल तिथे पडून असतो. महिना नऊ हजार. घरी मी त्याला रोड टॅक्स म्हणतो. बायकोला विनोद वाटत नाही.

निवेदनाचा पहिला मसुदा मी ‘राष्ट्राच्या सर्वांगीण विकासात रस्त्यांचे महत्त्व अनन्यसाधारण आहे’ असा सुरू केला आणि स्वतःच फाडला. अडचण अशी की नेमकं मागायचं काय? २ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने नाशिक फाटा ते खेड ३० किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला मंजुरी दिलीय, ७,८२७ कोटींची. तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले होते. मग साहेब विचारतील, पैसे तर दिले, आणखी काय हवंय? जाणकारांनी सांगावं.

सोळा चाकी

शेठ, आधी स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

तुमच्या चौकात गाड्या उभ्या का असतात ते निवेदनात लिहिणार आहात का? मी पंधरा वर्षं कॉइल, म्हणजे पत्र्याची गुंडाळी, वाहतोय. गेटवर गेलं की सिक्युरिटी म्हणतो, ‘तुमचा स्लॉट अकराचा आहे, बाहेर थांबा.’ बाहेर म्हणजे कुठं? आत कंपनीकडे हिरवळ आहे, कारंजं आहे, पण ट्रकला जागा नाही. मग आम्ही रस्त्याच्या कडेला लावतो. माझ्यामागे दुसरा, त्याच्यामागे तिसरा. झाली एक लेन गायब. सरकारने उद्या चारची आठ लेन केली तरी दोन्ही कडेची एकेक आमच्याच गाड्या खाणार.

आणि थांबण्याचे पैसे कोण देतं? पूर्वी मुंबईहून आणलेला माल उतरवून त्याच दिवशी दुसरी खेप पकडायचो, आता एकीतच दिवस संपतो. गाडीच्या कर्जाचा हप्ता काही अर्धा होत नाही. तुम्हाला डेबिट नोट तरी येते, म्हणजे कुणीतरी तुमचं नुकसान कागदावर मांडतं. ड्रायव्हरचं कुणी मांडत नाही. चौकात तीन तास क्लच-ब्रेक क्लच-ब्रेक केलेल्या माणसाला गेटवर संडास वापरू देत नाहीत, हे पण लिहा जमलं तर.

ट्रक टर्मिनल मागा. आणि ज्या कंपनीकडे रोज पन्नास गाड्या येतात तिने त्या गेटच्या आत घ्याव्यात, असंही लिहा. बघू किती जण सह्या करतात.

निवृत्त उपअभियंता

सोळा चाकींनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं आहे. मी दुसऱ्या जागी ठेवतो.

नोकरीत मी शेकडो निवेदनं वाचली, म्हणजे त्यांच्यावर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित’ लिहून ती खाली ढकलली. ‘निधी वाढवा’ असं पत्र आलं की हात आपोआप शिक्क्याकडे जातो, कारण त्यात मला करण्यासारखं काहीच नसतं. ‘अमुक ठिकाणी गटार बुजल्याने पाणी रस्त्यावर साचतं, तमुक तारखेचा फोटो जोडला आहे’ असं पत्र आलं की मात्र कुणाला तरी जागेवर पाठवावं लागायचं.

ते ७,८२७ कोटी सरकार तिजोरीतून काढून देणार असं समजू नका. मंजुरीतच ते काम बीओटीवर होणार असं म्हटलं आहे. म्हणजे ठेकेदार पैसा उभा करणार आणि टोलमधून वसूल करणार. टोल कोण भरणार? दत्ता. त्यामुळे ‘सरकारी गुंतवणूक’ हा शब्द वापरताना जरा जपून.

आता तुमच्या धंद्याला न आवडणारी गोष्ट. २०१८ मध्ये केंद्राने ट्रकच्या आसावर (ॲक्सलवर) चालणारा भार वाढवला. चार टायरच्या एकेरी आसाला १०.२ टनाची परवानगी होती, ती ११.५ टन झाली. वाहतूकदार खूश, कारखानदार खूश, एका खेपेत जास्त माल. पण रस्त्याचं नुकसान भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं, हे आमच्या धंद्यातलं पाढ्यासारखं पाठ असलेलं गणित आहे. ११.५ ला १०.२ ने भागा आणि उत्तराचा चौथा घात करा. १.६ येईल. भार वाढला आठवा हिस्सा, झीज वाढली दीडपटीच्या वर. ही झाली कायद्यातली. त्याच्यावर जो ‘थोडा ॲडजस्ट करा’ म्हणून चढवतात, तो वेगळा. दुचाक्यांनी रस्ता खराब होत नाही हो, त्या फक्त दिसतात.

बाकी, मागणी काही नवी नाही. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्ते विकास समिती नेमली होती. तिच्या शिफारशीवरून १९२९ मध्ये पेट्रोलवरचा कर गॅलनमागे चार आण्यांचा सहा आणे झाला आणि वरचे दोन आणे रस्ते निधीत जाऊ लागले. जो रस्ता वापरतो त्याने रस्त्यासाठी द्यावं, इतकं साधं. तुम्ही डिझेलवर आजही उपकर भरता, पण २०१८ पासून त्या निधीच्या नावात ‘पायाभूत सुविधा’ घुसल्या आहेत आणि त्यातून रेल्वे, जलमार्ग असं बरंच काही भागवता येतं. ‘आमच्या डिझेलचा पैसा रस्त्यालाच लावा’ ही मागणी मी तुमच्या जागी असतो तर केली असती. ती निदान ‘निधी वाढवा’पेक्षा टोकदार आहे.

आणि गाड्यांची मोजणी करा. खात्याची मोजणी सात दिवस, चोवीस तास चालते, तेवढी तुम्हाला झेपणार नाही. दोन-तीन दिवस सकाळी सहा ते दहा तळेगाव चौकात माणूस उभा करा. कोण रस्ता किती अडवतं त्या हिशोबाने कार एक, दुचाकी अर्धी, ट्रक तीन, मल्टीॲक्सल (दोनापेक्षा जास्त आसांचा ट्रक) साडेचार असं धरून बेरीज करा. शनिवारी बाजार असतो म्हणून तो दिवस गाळू नका, उलट तोच आधी धरा. उन्नत मार्ग व्हायला वर्षं जातील. तोपर्यंत खालचा रस्ता कोण सांभाळणार, त्याच्या दुरुस्तीला वेगळी तरतूद आहे का, खांबांचं काम सुरू झाल्यावर किती लेन उघड्या राहणार, हे आत्ताच लेखी मागा. काम सुरू झाल्यावर ठेकेदार तुमचा फोन उचलणार नाही.

वावरवाला

मी खेड तालुक्यातला. कारखाना नाही, वावर आहे, तेही रस्त्याला लागून. म्हणून तुमच्या निवेदनात पुढं काय येणार ते मला आत्ताच दिसतंय: ‘भूसंपादन तातडीने पूर्ण करावे.’

तातडी आम्हाला पण पाहिजे. आमच्याकडं एका रस्त्याची मोजणी झाली, कांद्याच्या रोपात खुणेचे दगड रोवून गेले. ते दगड चार वर्षं तिथंच आहेत. नांगर त्यांना वळसा घालून जातो. कुणी जमीन विकत घेत नाही, बँकवाला म्हणतो रस्त्यात चाललीय, कर्ज कसं देऊ. विहिरीचं काम तसंच अर्धं. राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्यात लिहिलंय की ३-अ ची, म्हणजे जमीन घ्यायचा इरादा सांगणारी अधिसूचना निघाल्यावर वर्षाच्या आत ३-ड ची, म्हणजे जमीन घेतल्याची निघाली नाही तर पहिली रद्द होते. रद्द झाल्याचं आम्हाला सांगायला कोण येतं? दगड काढायला तर कुणीच नाही.

तुम्ही लोक ‘शेतकऱ्यांच्या विरोधामुळे प्रकल्प रखडला’ असं फार सहज लिहिता. विरोध कमी आणि वाट बघणंच जास्त आहे. लिहायचंच असेल तर असं लिहा की मोबदल्याचा पैसा आधी बाजूला काढून ठेवा, मग मोजणीला माणसं पाठवा.

कांदा चाकणच्या बाजारात आम्ही पण त्याच चौकातून नेतो, ते एक राहिलंच.

पत्र्याचा माणूस

सगळ्यांचे आभार. सोळा चाकी, राग नाही आला, लाज वाटली. काल मुद्दाम आमच्या गल्लीत चालत चक्कर मारली. गेटबाहेर उभे ट्रक मोजले, चौदा. त्यातला एक माझ्याकडेच माल घेऊन आलेला होता, मी त्याला साडेबाराला बोलावलं होतं आणि तो दहापासून उभा होता. आतल्या स्क्रॅपचा ढीग हलवला तर एक गाडी आत मावते. हलवतोय.

मसुदा नव्याने लिहिला. ‘अनन्यसाधारण’ गेलं. पहिल्या परिच्छेदात दत्ताची ती खेप, वेळांसकट, आणि ९६० विरुद्ध बावीस हजार. मग चौकातले आकडे, मिळाले की. मग डिझेलच्या उपकराचं. मग उन्नत मार्गाचं काम चालू असताना खालच्या रस्त्यावर दोन्ही दिशांना किती लेन चालू राहणार याचं लेखी उत्तर. मोबदल्याच्या पैशाचं वाक्य वावरवाल्यांच्या शब्दांत जवळजवळ जसंच्या तसं घेतलं, चालेल ना? गाड्या गेटच्या आत घेण्याचं कलम गटात वाचून दाखवलं तर तिघे म्हणाले, ‘हे आपल्याविरुद्धच आहे, काढा.’ ठेवलंय. त्या तिघांच्या सह्या नाही आल्या तरी साठ उरतात.

जास्त भार चढवण्याबद्दल मात्र एक ओळसुद्धा लिहायची हिंमत झाली नाही, साहेब. माझी कॉइल कशी येते ते मला माहीत आहे.

मोजणीला गुरुवार, शुक्रवार, शनिवार धरलेत. वर्कशॉपची पोरं दोन-दोन तासांच्या पाळीने वही घेऊन उभी राहतील. शनिवारी सहा ते आठला माणूस मिळत नाहीये, मीच उभा राहतो, पण दोन्ही बाजू एकट्याने मोजून होणार नाहीत. सोळा चाकी, मोकळे असाल तर या. मल्टीॲक्सलचे आस तुम्हीच मोजा, चहा आणि भजी माझ्याकडून.