‘गावच्या म्हाताऱ्यांना एकटेपणा नसतो’ म्हणे!

वेंगुर्लेकर: “कोकणात अंगण आहे, शेजार आहे, भजन आहे, एकटेपणा हा शहराचा रोग” अशी एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. लिहिणारा बहुतेक गणपतीपुरता गावी येणारा असावा. पावसाळा सरल्यावर या! आमच्या वाडीत निम्म्या घरांना कुलपं. आई मालिका लावते ती आवाज बंद करून; कोणी हाक मारली तर ऐकू यायला हवी ना! मारणार कोण? पेटी वाजवणारा मुंबईला गेला, भजन तिथंच बसलं. जेवण तुटलं, झोप उडाली, तरी सगळे म्हणतात ‘वय झालं’. उदासीला वयाचं नाव दिलं की डॉक्टरकडे न्यायला नको.

परळचा_चाकरमानी: झाल्या आम्हाला शिव्या घालून? आईला इथं आणलं होतं. आठवडा नाही झाला, “माका घराक धाड” सुरू. मी रोज फोन करतो.

वेंगुर्लेकर: ‘जेवलीस का, गोळी घेतलीस का’ हाच ना तो फोन? ती हजेरी झाली, गजाली नव्हेत.

सड्यावरचा: खरं दुखणं एसटी आहे. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट, २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. उत्तम! पण गाडी कुठाय? आमची वस्तीची गाडी करोनात बंद पडली ती पडलीच. बहिणीला भेटायचं तर रिक्षावाला चारशे मागतो.

परळचा_चाकरमानी: रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये गेली, तीही आली नाही.

हिशोबी: चार म्हाताऱ्यांसाठी डिझेल जाळायचं?

सड्यावरचा: तुमचे आईबाप त्या चारांत नाहीत म्हणून सुचतंय हे. मतदानाच्या दिवशी बरी गाडी दारात येते!

हिशोबी: भावनेवर टायर फिरत नाहीत, साहेब.

निवृत्त_सिस्टर: एसटीचा काय घेवन बसलात? कानाक ऐकाक येयना तर माणूस भजनाक जावन काय करतलो? चारचौघांत भलतंच उत्तर दिलं, लोक हसले, की माणूस घराबाहेर पडायचं सोडतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी जी १४ टाळण्याजोगी कारणं आहेत, त्यांत बहिरेपणही आहे नि माणसांपासून तुटणंही. मन फारच खचलं असेल तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. फुकट आहे.

सड्यावरचा: नंबर दिलात, आता रेंजपण द्या.

परळचा_चाकरमानी: सिस्टर, कानाचं यंत्र मी कधीच आणून दिलंय. डबीत घालून कपाटात ठेवलंय. म्हणते, नुसता खडखडाट ऐकू येतो.

निवृत्त_सिस्टर: येणारच. बरीच वर्षं न ऐकलेले आवाज एकदम अंगावर येतात. पुन्हा नेऊन आवाज जुळवून घ्यावा लागतो, सुरुवातीला थोडा थोडा वेळच लावायचं. ते कोणी सांगितलं का?

परळचा_चाकरमानी: दुकानदाराने पावती दिली फक्त. बरं, मे महिन्यात येईन तेव्हा नेतो. वेंगुर्लेकर, झालं समाधान?

वेंगुर्लेकर: मेपर्यंत कपाटच ऐकणार का?