'जुनो' पालकांना दाखवावा का? मदत हवी आहे

जळगावात कॉलनीतल्या आठ-दहा पालकांना शेवभाजीच्या बेतासोबत 'जुनो' (2007) हा इंग्रजी सिनेमा दाखवायचाय. मुलं अकरावी-बारावीची, ती नसतील. सोळा वर्षांची मुलगी गरोदर राहते, बाळ दत्तक द्यायचं ठरवते, आणि सगळं विनोदी अंगाने. पटकथेला ऑस्कर आहे, पण त्याचं इथे कोणाला काय!

आधी दोन मैत्रिणींना दाखवला. एक पोट धरून हसली. दुसरी म्हणाली, "आपल्याकडे अशा पोरीचं लग्न उरकून टाकतात, हसायचं कशाला?" तिचंही खोटं नाही. पण त्यातला बाप पोरीच्या पाठीशी उभा राहतो, ते मला दाखवायचंच आहे.

'बालक-पालक' सगळ्यांनी पाहिलाय, तो सुचवू नका. घरच्यांसोबत 'जुनो' पाहिलेल्यांनी सांगा: विनोदाने विषय हलका झाला, की नंतर बोलणं सोपं गेलं?