मदत हवी आहे: बाळ अचानक अंगावर घेईनासं झालंय, लवकर सांगा

भांडुपची_आई
कोणी जागं आहे का? परवा रात्रीपर्यंत सगळं नीट चालू होतं आणि काल सकाळपासून हा अंगावर घेतच नाहीये, जवळ घेतलं की पाठ ताणतो, मान फिरवतो आणि असा किंचाळतो की शेजारच्या काकू काय झालं विचारायला आल्या. माझ्या दोन्ही बाजूंना दगड झालेत, कुर्ता भिजतोय, उद्या ऑफिस आहे. सासूबाई म्हणतात सोडलं त्याने आता, डब्याचं सुरू कर. मला इतक्यात सोडायचं नाहीये!! काय करू ते सांगा, नुसतं डॉक्टरकडे जा असं सांगू नका, ते माहितीये.

रमा_कांदिवली
बाळ केवढं आहे? ताप वगैरे? बाटली देता का? शू किती वेळा होतेय? एवढं तरी लिही गं, नाहीतर कोण काय सांगणार.

सुमनमावशी
घाबरू नकोस बाळा. मुलं सोडतात आपली आपण. मोगऱ्याची फुलं आणून छातीला बांधायची, दूध आटतं, आमच्याकडे सगळ्यांनी हेच केलं. आणि गाईचं दूध निम्मं पाणी घालून उकळून सुरू कर, गुटगुटीत होईल.

रमा_कांदिवली
मावशी, तिला आटवायचं नाहीये, टिकवायचंय. आणि वर्षाच्या आत गाईचं दूध मुख्य आहार म्हणून देत नाहीत हो आता, पोटाला जड जातं आणि लोह कमी पडतं.

अंधेरीवाली
मी वेगळं सांगते. एवढा जीव काढू नकोस. माझी मुलगी पाच महिन्यांपासून फॉर्म्युल्यावर, आज पहिलीत आहे, ठणठणीत आहे. तू उपाशी आणि रडवेली राहण्यापेक्षा डबा आण, दोघं शांत झोपाल. आयांना उगाच अपराधी वाटायला लावतात सगळे.

दादरकर_प्राची
अपराधी कोणी वाटायला लावत नाहीये, तिने स्वतः लिहिलंय सोडायचं नाही म्हणून. डब्यावरच छापलेलं असतं की आईचं दूध सर्वोत्तम. 1992 च्या कायद्याने जाहिरात करायलासुद्धा बंदी आहे. काही कारण असेल ना त्यामागे?

अंधेरीवाली
कायदा रात्री तीनला उठून बाळाला घेत नाही.

भांडुपची_आई
भांडू नका ना प्लीज. आठ महिन्यांचा आहे. ताप नाही. थोडी सर्दी आहे, घरात सगळ्यांनाच आहे. ऑफिस सुरू झाल्यापासून दुपारी सासूबाई माझंच काढलेलं दूध बाटलीने देतात, ते पितो. वरण-भात, केळं खातो. डायपर नेहमीसारखे भरतायत बहुतेक.

एनआयसीयू_ताई
मी नवजात विभागात नर्स आहे, माझ्यापुरतं सांगते. आठ महिन्यांचं बाळ असं एका रात्रीत सहसा सोडत नाही. जे खरंच सोडतात ते हळूहळू कमी करतात, आधी दुपारचं जातं, मग संध्याकाळचं. एकदम नकार म्हणजे त्याला काहीतरी खुपतंय. दात येत असतील, नाक चोंदलं असेल, तोंडात पांढरे चट्टे असतील, कान दुखत असेल, तुझ्या अंगाचा वास बदलला असेल, बाटलीतून भराभर येतं म्हणून अंगावरचं कंटाळवाणं झालं असेल. बहुतेकदा काही दिवसांत परत येतात.

आधी स्वतःकडे बघ. त्याच्या पाजायच्या वेळा होत्या त्या वेळेला, म्हणजे साधारण दर तीन तासांनी, दूध काढायचंच. पंप असो की हाताने. फार टणक झालं असेल तर काढायच्या आधी गरम पाण्याचं फडकं थोडा वेळ, काढून झाल्यावर थंड. एखादी जागा लाल, गरम लागली आणि थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी दाखव, पण तेव्हाही काढणं थांबवायचं नाही. काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने (चोचीच्या छोट्या वाटीने) दे, उपाशी ठेवून 'भूक लागली की घेईल' हे करू नकोस. चोवीस तासांत सहा डायपर नीट ओले व्हायला हवेत, 'बहुतेक' नको, मोज.

आणि डोकं धरून दाबू नकोस कोणीही सांगितलं तरी. जागेपणी फक्त उघड्या अंगाशी घेऊन बस, खेळव, तोंड पुढे करू नकोस. झोपेत असताना, अंधारात, पंखा चालू, तेव्हा लाव.

ठाण्याचा_बाबा
आमच्याकडे हेच झालं होतं, कारण निघालं बायकोचा नवीन डिओ. ऑफिससाठी काही नवीन वापरताय का? साबण, परफ्यूम, केसांचं तेल?

विरार_फास्ट
माझा प्रॉब्लेम उलटा आहे. मुलगी दोन वर्षांची झाली तरी सोडत नाही, कडुनिंब लावला, कोरफड लावली, ती तोंड वाकडं करते आणि पुसून पिते. काय करू?

रमा_कांदिवली
ताई तुम्ही वेगळा धागा काढा ना. (आणि दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजायला डब्ल्यूएचओची ना नाही, एवढी घाई कशाला.)

भांडुपची_आई
डिओ जुनाच आहे. दात खालचे दोन आधीच आलेत. तोंडात चट्टे नाहीत, बॅटरी मारून बघितलं. आत्ता डावीकडे थोडंसं घेतलं त्याने झोपेत, उजवीकडे लावलं की लगेच किंचाळला. उजवीकडे दूध येत नसेल का? मेथीचे लाडू आणू का? अळीव?

एनआयसीयू_ताई
थांब, हे आधी का नाही सांगितलंस! मांडीवर आडवा घेऊन उजवीकडे पाजताना त्याचा डावा कान खाली तुझ्या हातावर दबतो. सर्दी आहे म्हणालीस. कान ओढतो का? डावीकडे आडवा झोपवला की उठतो का? दूध ओढताना कानावर ताण येतो, पडून जास्तच. आजच कान तपासून घे.

तोवर उजवीकडे पाजताना त्याला काखेत धर, पाय तुझ्या पाठीमागे, डोकं तळहातावर. मग डावा कान वर राहतो.

सुमनमावशी
कान असेल तर लसूण तेलात तळून ते कोमट तेल दोन थेंब घाल. लगेच उतारा पडतो.

एनआयसीयू_ताई
मावशी, रागावू नका, पण कानात तेल अजिबात नको. पडद्याला काही झालेलं असलं तर तेल आत जातं.

सुमनमावशी
आमची चार मुलं तेलावरच वाढली. असो. तुम्ही शिकलेल्या.

दादरकर_प्राची
भांडुपची, ऑफिसात दूध काढायला जागा आहे का तुला? मला वॉशरूममध्ये उभं राहून काढायला लागायचं, एचआरला विचारलं तर स्टोअररूमची चावी दिली. 2017 पासून सव्वीस आठवड्यांची रजा झाली, पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर हवं असंही आहे, पण आमच्याकडे ते कागदावरच. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष आहे आणि काचेच्या टॉवरात नाही!

ठाण्याचा_बाबा
त्या कक्षांना कुलूप असतं कित्येकदा, आम्ही अनुभव घेतलाय.

रमा_कांदिवली
माझं जास्तीचं दूध मी सायन हॉस्पिटलच्या मिल्क बँकेत दिलं होतं. 1989 पासून आहे ती, आशियातली पहिली. तुझं खूप साठलं तर विचारून बघ, टाकून देताना जीव तुटतो गं.

भांडुपची_आई
रमाताई सध्या मला दान वगैरे काही सुचत नाहीये. कान ओढतो, हो. मला वाटलं झोप आली की ओढतो. निघालेय डॉक्टरकडे. आणि एक, मला कालपासून सारखं रडू येतंय, म्हणजे नुसतं त्याच्यासाठी नाही, कशावरही. सिंकमध्ये भांडी बघून रडले.

रमा_कांदिवली
ते होतं गं. एकदम पाजणं तुटलं की हार्मोन्स खाली येतात, मनाला तेवढा वेळ मिळत नाही. त्यात त्याने तोंड फिरवलं की आपल्यालाच नाकारल्यासारखं वाटतं. त्याने तुला नाही नाकारलं, त्याला दुखतंय. आज जेवलीस का? नवऱ्याला सांग भांडी घासायला. आठवडाभर असंच राहिलं, झोप उडाली, तर हेही डॉक्टरशी बोल, लपवू नकोस.

अंधेरीवाली
माझं मघाशी तोडून बोलणं झालं. मलाही तेव्हा असंच रडू यायचं आणि कोणी विचारलं नव्हतं म्हणून मी डब्यावर आले. तू काढत राहा. आणि कधी दूध कमी पडलं तर फॉर्म्युला दिल्याने बाकीचं वाया जात नाही, एवढंच म्हणायचंय.

भांडुपची_आई
डावा कान लाल आहे, आत सूज आहे म्हणाले. औषध दिलंय, दुखण्यावरचं पण. वजन ठीक आहे. काखेत धरून उजवीकडे घेतलं त्याने, थोडंच, मग सोडून माझ्याकडे बघत हुंकारत बसला. जागेपणी मांडीवर अजून नाही म्हणतो. चमच्याने पिताना निम्मं गळ्यात सांडतं पण पितो. सासूबाईंना बोंडलं माहीत होतं, माळ्यावरून नवऱ्याच्या लहानपणीचं चांदीचं काढून उकळलं त्यांनी, मी काहीच म्हटलं नव्हतं तरी.

उद्या सुट्टी टाकलीये. परवापासून बीकेसीला. तिथे काढलेलं दूध घरी येईपर्यंत टिकेल का, कुर्ल्याला गाडी बदलायची असते, गर्दीत दीड तास जातो.

एनआयसीयू_ताई
छान. औषधाचा कोर्स पूर्ण कर, बरं वाटलं म्हणून मध्ये बंद नको. दुधाचं: बाहेर पंचवीस डिग्रीच्या आत चार तास धरतात, मुंबईत एवढं धरू नकोस. ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेव, निघताना गोठवलेल्या आइस पॅकसकट इन्सुलेटेड बॅगेत, मग दीड तासाचं काही नाही. घरी फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत चालतं, पण दारात नको, आत मागे ठेव. बाटलीला सगळ्यात हळू येणारं निपल लाव आणि सासूबाईंना सांग बाटली आडवी धरून, मध्ये मध्ये थांबून द्यायला.

विरार_फास्ट
माझं कोणीच सांगितलं नाही.

ठाण्याचा_बाबा
ती बॅग घेताना झिप बघून घ्या, आमची पहिली लोकलमध्येच तुटली. खांद्याला क्रॉस अडकवता येईल अशी घ्या म्हणजे चढताना दोन्ही हात मोकळे.