कीक्लोकवर पासकी लॉगिन: आरपी आयडी, अडकणारा क्यूआर आणि सामायिक पीसी

प्रश्न (रॅक_नंबर_चार):
मंडळी, आमच्याकडे कीक्लोक (सगळ्यांचं लॉगिन एकाच जागी सांभाळणारा सर्व्हर) आहे, मागे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (एडी, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या खात्यांची विंडोजची नोंदवही) एलडीएपी या प्रोटोकॉलने जोडलेली. सॅमल आणि ओआयडीसी या लॉगिन-मानकांवरची सगळी अ‍ॅप्स त्यातूनच लॉगिन होतात. पासवर्ड-ओटीपीच्या जागी पासकी (फोन, पीसी किंवा यूएसबी चावीत राहणारी डिजिटल किल्ली) आणायची आहे. टेस्टला नोंदवलेल्या पासकी प्रॉडक्शनच्या पत्त्यावर दिसत नाहीत. ऑफिसात फोनने क्यूआर स्कॅन केला की 'कनेक्ट होत आहे'वर अडकतं, घरून चालतं. आणि कारखान्यातल्या सामायिक पीसीवर काय द्यायचं?

टोकनकार:
पासकी तयार होतानाच आरपी आयडीला, म्हणजे डोमेनला, बांधली जाते. नंतर बदलता येत नाही. कीक्लोकमध्ये ती जागा रिकामी सोडली की सर्व्हरचं होस्टनेम धरलं जातं, म्हणून टेस्टच्या पासकी प्रॉडक्शनला दिसत नाहीत. ते बरोबरच आहे, तसंच राहू द्या. आख्खं 'कंपनी.इन' आरपी आयडी म्हणून ठेवायचा मोह टाळा. तसं केलं तर कुठलंही सबडोमेन त्या पासकीने सही मागू शकतं, आणि एखादं बेवारस सबडोमेन कुणाच्या हाती लागलं तर पंचाईत. तुमची अ‍ॅप्स कीक्लोककडेच रीडायरेक्ट होतात, तेव्हा 'लॉगिन.कंपनी.इन' पुरेसं आहे. फक्त हे नाव आधी पक्कं करा. पुढे बदललं तर सगळ्यांना पुन्हा नोंदणी करावी लागेल.

सेटिंग कीक्लोकच्या 'वेबऑथएन पासवर्डलेस पॉलिसी'मध्ये करा (वेबऑथएन म्हणजे पासकीमागचं वेब मानक). शेजारची साधी वेबऑथएन पॉलिसी दुसऱ्या फॅक्टरसाठी असते, तिथे बदल करून काही होत नाही. यूझर व्हेरिफिकेशन (पिन किंवा बोटाच्या ठशाने माणसाची खात्री) 'रिक्वायर्ड', डिस्कव्हरेबल क्रेडेन्शियल (यूझरनेम न टाकताही सापडणारी पासकी) 'यस'. सहीच्या अल्गोरिदममध्ये ईएस२५६ सोबत आरएस२५६ ठेवाच, विंडोज हॅलोला (विंडोजच्या पिन-चेहरा-ठसा लॉगिनला) तो लागतो.

पोर्ट_४४३:
क्यूआरचं दुखणं फायरवॉलचं दिसतंय. ब्लूटूथ फक्त फोन जवळ आहे एवढं सिद्ध करतं. पुढचा संवाद इंटरनेटवरच्या टनेल सर्व्हरमधून होतो. अँड्रॉइडसाठी 'केबल.यूए५व्ही.कॉम', आयफोनसाठी 'केबल.ऑथ.कॉम'. दोन्हीकडे पोर्ट ४४३ वर वेबसॉकेट (सतत उघडी राहणारी वेब जोडणी) उघडा आणि प्रॉक्सीच्या टीएलएस तपासणीतून (एन्क्रिप्टेड वाहतूक उघडून पाहण्यातून) त्यांना वगळा. फोन ऑफिसच्या वायफायवर असेल तर त्या नेटवर्कवरही हेच करा. ग्रुप पॉलिसीने (विंडोजच्या केंद्रीय सेटिंगने) ब्लूटूथ बंद केलेल्या पीसीवर मात्र हा मार्ग चालणारच नाही.

चावीचा_जुडगा:
सामायिक पीसीवर विंडोज हॅलो नको. माणशी दोन यूएसबी फिडो२ चाव्या (पासकी साठवणारी छोटी उपकरणं) द्या, एक वापरात, एक कपाटात. पिन लागोपाठ ८ वेळा चुकला की चावी लॉक होते आणि रीसेट केल्यावर तिच्यातल्या सगळ्या पासकी पुसल्या जातात, हे वाटप करतानाच सांगा.

अटेस्टेशनची (पासकी कोणत्या उपकरणात बनली याच्या पुराव्याची) सक्ती फक्त अ‍ॅडमिन खात्यांवर करा, ठरावीक एएजीयूआयडींच्या (चावीचं मॉडेल सांगणाऱ्या क्रमांकांच्या) यादीसह. सगळ्यांना लावली तर आयक्लाउड आणि गूगलमध्ये सिंक होणाऱ्या पासकी नाकारल्या जातील. सही-काउंटरही (किती वेळा सही झाली याची मोजणी) अशा पासकींमध्ये बहुधा ० च असतो. त्यावरून क्लोनचा संशय घेऊन खातं अडवू नका.

सर्वांत जास्त वेळ रिकव्हरीवर घालवा. हेल्पडेस्कने फोनवर कर्मचारी क्रमांक विचारून नवी पासकी नोंदवू दिली, तर फिशिंग करणारा लॉगिन पान सोडून थेट हेल्पडेस्कलाच गाठेल. मॅनेजरने समोरासमोर ओळख पटवावी, मगच एकदाच चालणारी, थोड्या वेळाची नोंदणी लिंक जावी. प्रत्येकाकडे दोन पासकी झाल्याशिवाय पासवर्डचा मार्ग बंद करू नका.

रॅक_नंबर_चार:
आभार. मग एडीचा पासवर्ड कायमचा गेला म्हणायचं का?

टोकनकार:
नाही. कीक्लोकची पासकी वेब लॉगिनपुरतीच. पीसीचं विंडोज लॉगिन आणि एलडीएपी बाइंड करणारं (म्हणजे पासवर्ड थेट एडीकडे तपासणारं) जुनं व्हीपीएन पासवर्डच मागत राहतील. व्हीपीएन सॅमलवर नेता येत असेल तर ते काम आधी हाती घ्या.